फिल्टरवरचं धोतर

दीपनगरच्या वीज केंद्राची राख गाडीच्या इंजिनात जायला नको म्हणून एअर फिल्टरवर फडकं बांधायची अक्कल मीच पाजळली होती. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या धोतराचा दुहेरी तुकडा. पुढे गाडी काळा धूर सोडू लागली, पेट्रोल ढोसू लागली, आणि मी भेसळीच्या नावानं पंपवाल्याला शिव्या घालत राहिलो. आबांना धाप लागली त्या दुपारी जळगावला दवाखान्यात नेताना ती नशिराबादजवळ बंद पडली, ती पडलीच. दुसरी गाडी मिळेपर्यंत आबा मागच्या सीटवरच गेले.

आठवड्यानं मिस्त्रीनं प्लग काढले. काजळीनं काळे, पेट्रोलनं ओले.

"भाऊ, पेट्रोल जास्त नाही, हवा कमी पडून राह्यली," म्हणत त्यानं फिल्टरचं झाकण उघडलं. राखेनं पत्र्यासारखं कडक झालेलं फडकं चिमटीत उचलून माझ्यासमोर धरलं. "हे कोण्या शहाण्यानं बांधलं?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

फडकं फेकून, प्लग पुसून त्यानं चावी फिरवली. गाडी लगेच सुरू झाली.

घरी अजून सगळे म्हणतात, गाडीनं ऐन वेळी दगा दिला. मी मान डोलावतो.