पायरीवरचा दिवा

माझ्या मिस्टरांना, म्हणजे कमलाकरना, सत्तरी उलटली तरी कुणी मदत केलेली खपत नाही. ब्रिस्टलच्या विमान कारखान्यात सगळा जन्म गेला, त्यामुळे घरातला प्रत्येक स्क्रू त्यांच्याच हातचा. परवा त्यांनी आमच्या कॅम्परला, म्हणजे गाडीमागे ओढायच्या, कापडी भिंतींच्या घडीच्या तंबूगाडीला, दाराच्या चौकटीवर बाहेरून दिवा लावायचं काढलं. म्हणाले, "अंधारात उतरताना तू पायरीवरून पडशील." मागच्या ट्रिपला पडले होते ते, मी नाही.

मी स्टूल धरून उभी होते. पेन्सिलची खूण डोळ्यांसमोर असूनही ते ती बोटांनी चाचपत होते. ड्रिल सुरू झालं आणि त्याचं टोक कापडाकडे सरकलं.

"अहो, डावीकडे घ्या."

"दिसतंय मला," ते खेकसले.

गॅरेजच्या खांबाला गाडी घासली तेव्हाही हेच म्हणाले होते. डोळे तपासून घ्या म्हटलं, तर जेवणावरून उठून गेले. आणि आता दिवा लावून दुसऱ्याच दिवशी हाच कॅम्पर गाडीला जोडून मोटरवेवरून नेणार होते.

वायर जोडून झाली. काम सुरू करण्याआधी त्यांनी मला फ्यूज काढायला लावला होता. "फ्यूज परत बसवलास?" त्यांनी विचारलं.

"बसवला," मी धडधडीत खोटं बोलले.

त्यांनी बटण दाबलं, दिव्याकडे रोखून पाहिलं आणि समाधानानं मान हलवली. "बघ, कसा लख्ख उजेड पडलाय."

मी मूठ उघडली, फ्यूज त्यांच्या तळहातावर ठेवला आणि गाडीची किल्ली मागितली.