दहापेक्षा कमी

सोमवार उजाडला की संघदीपच्या खांद्यांत आधीच कळ भरायची. बाभुळगावच्या एका संस्थेत तो कंत्राटी ऑपरेटर होता. गावोगावच्या आरोग्यसखी गरोदर बायांचं रक्त तपासून हिमोग्लोबिनचा आकडा मोबाइलवर भरत. संघदीप ब्राउझरमधली नोंदवही उघडून ‘दहापेक्षा कमी’ अशी चाळणी लावी. जिचं नाव येई, तिला संस्थेची गाडी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात नेई. नोंदवही त्यानंच बनवलेली. तिचं कौतुक कुणी केलं नव्हतं, पण बिघडली की हाक त्यालाच.

त्या सोमवारी आरोग्यसखी कौसल्याबाई पुन्हा दारात उभी राहिली. उन्हातून चालत आलेली, आवाज पार बसलेला.

“भाऊ, आमच्या कोकिळेचं नाव आजबी नाही?”

“मावशी, तुमच्या गावचं एकही नाव नाही. साहेब खूश होऊन राह्यले. सत्कार हाय तुमचा.”

“चुलीत घाल सत्कार! पोरगी पांढरीफट पडली, उंबरा चढतानी धापा टाकते. म्या सोता सात भरले.”

“मग दिसले असते ना सात!”

“तुयी चाळणीच फाटली असन.”

वाद घालायचीही ताकद संघदीपमध्ये उरली नव्हती. त्यानं चिन्हच उलटं केलं. दहापेक्षा जास्त. “घ्या, पाहा डोळ्यानं.”

यादी लहान आकड्यापासून मोठ्याकडं सरकत गेली. अकरा, बारा, चौदा. आणि चौदाच्याही खाली, अगदी तळाशी, कौसल्याबाईचं अख्खं गाव बसलं होतं. कोकिळेपुढं ७.

कौसल्याबाईचा मोबाइल मराठीत होता, म्हणून आकडेही मराठीत उमटले होते. नोंदवहीनं ते आकडे म्हणून धरलेच नाहीत, शब्द म्हणून ठेवले. आणि तिथं कुठलाही शब्द प्रत्येक आकड्याहून मोठा. हे संघदीपला ठाऊक होतं. कुणी मराठीत आकडे भरेल, एवढंच त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

“मावशी, चूक मायी हाय.”

“चूक मंग पाहू. गाडी कुठी हाय?”

गाडी निघून गेली होती. त्यानं ड्रायव्हरला फोन लावला. “इकबालभाई, वापस फिरा. एक बाई राहिली.”

“अबे, अर्धा रस्ता कापला न! सकाळी झोपला होता का?”

“हो,” संघदीप म्हणाला.

पलीकडं शिवी ऐकू आली, मग गाडी वळवल्याचा आवाज. कौसल्याबाईनं कोकिळेच्या सासूला फोन करून तयारीत राहायला सांगितलं. मग खुर्ची ओढून ती संघदीपशेजारी टेकली.

“वाच बापू. आनखी कोन कोन राह्यलं?”