भेगा न पडलेला तुकडा

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते, हे इथल्या लोकांना मी काय सांगणार. कॉलेजच्या प्रयोगासाठी आम्ही धुळ्याजवळच्या एका गावात गाडीवाटेच्या छोट्या तुकड्यात वीटभट्टीवरची टाकून दिलेली राख आणि चुना मिसळून माती दाबून घेतली होती. पुढे सर निवृत्त झाले, बरोबरच्यांना पुण्यात नोकऱ्या लागल्या. भेगांच्या मोजमापाला आता मी एकटीच जाते.

आज गेले, तर त्या तुकड्यावर ज्वारी वाळत घातलेली. शेजारी एक म्हाताऱ्या अक्का बसलेल्या.

"आठे भेगा नही शेतस, दाना वाया जात नही," त्या तुकड्यावर हात ठेवून अहिराणीत म्हणाल्या. हे कोणी केलं ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मी भाकर खाई येस. तवलोंग तू बठ माय, बकऱ्या येतस."

टेप पिशवीतच राहिली. मी बकऱ्या हाकलत बसले.

आता खोलीवर आलेय. 'मी येते, तोवर तू थांब' असं मला कोणी म्हटल्याला किती दिवस झाले, ते आठवत बसलेय.

तुम्हाला शेवटचं कोण म्हणालं होतं?