डाव्या चाकावरचे ठिपके

तात्यांनी गाडी सोडली ती वयामुळे, असं त्यांच्या गावात, निरवांगीत, सगळे मानतात. तात्याही तेच मानत गेले. ते खरं नाही, आणि खरं काय ते फक्त मला ठाऊक आहे. मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

तात्या म्हटलं की मला आधी त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट आठवतं. तंबाखूच्या डबीतल्या चुन्यानं ते कायम पांढरं असायचं. चाकाचा नट आवळून झाला की तात्या डबी उघडायचे, बोटावर चुना घ्यायचे आणि नटावर एक ठिपका द्यायचे. नट दुसऱ्या कुणी आवळलेला असला तर आधी स्वतः पाना घालून बघायचे, मग ठिपका. "सही झाली," म्हणायचे. ठिपका असलेल्या नटाला ते पुन्हा हात लावत नसत, आणि ठिपका नसलेलं चाक रस्त्यावर घालत नसत. फौजेत वीस वर्षं ट्रक चालवताना ही सवय लागलेली. "तितं कागदावर सही करनारा साहेब गाडीत बसत नव्हता," ते सांगायचे. "मी बसत हुतो."

नव्वदनंतरची तीन-चार वर्षं उलटली असतील. मी आयटीआय करून बारामतीत इंदापूर रस्त्यावरच्या एका गॅरेजात फिटर होतो. एक दिवस साठीच्या घरातला, ताठ पाठीचा माणूस आला आणि म्हणाला, "भंगारवाल्याकडं माजी एक वळकीची म्हातारी पडलीया. बघायला येतुस का?" ती म्हातारी म्हणजे लष्कराच्या लिलावातून आलेला, लांब नाकाचा जुना अवजड ट्रक. बाभळीखाली उभा राहून टायर मातीत रुतलेले, बॉनेटमध्ये साळुंकीचं घरटं. तात्यांनी फौजेत असलीच गाडी चालवलेली. त्यांनी दार उघडलं, सीटच्या नुसत्या स्प्रिंगांवर बसले आणि क्लच दोनदा दाबून पाहिला. "पाय अजून वळकतोय," म्हणाले.

गॅरेजच्या मागच्या अंगणात आम्ही ती गाडी दीड वर्ष उभी करत होतो. इंजिन सुटं करून पोत्यांवर मांडलं. जे भाग कुठं मिळत नव्हते ते लेथवर करून घेतले. हौद्याच्या फळ्या तात्यांनी स्वतः रंधल्या. मला ते नावानं कधी हाक मारत नसत, 'आयटीआय' म्हणत. मी घाईनं गियर टाकला आणि तो करकरला की म्हणायचे, "आरं आयटीआय, तिला हुकूम दिल्याला चालत न्हाय. इचारावं लागतं. येकदा क्लच दाबून इचारायचं, दुसऱ्यांदा दाबून गेर टाकायचा." आज माझ्या हाताखाली चार माणसं आहेत. त्यांना मी जे शिकवतो त्यातलं निम्मं तात्यांचं आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, हे त्यांनी एकदाच सांगितलं. एप्रिलात जयंतीची मिरवणूक निघायची ती मागून आणलेल्या ट्रॅक्टरवर. ट्रॅक्टरवाला कधी यायचा, कधी ऐन वेळी "आमचा ऊस निघालाय" म्हणून निरोप धाडायचा. मग वस्तीतली माणसं फोटो हातात धरून दुसऱ्या कुणाचं दार वाजवायची. "आपली गाडी, आपला डायवर," तात्या म्हणाले. "नाकावर फोटू, मागं हौद्यात सगळी वस्ती. येकदा मी सोता चालवनार, निरवांगीपासनं इंदापूरपत्तोर. मग गाडी ऱ्हावो न्हायतर जावो."

जयंतीला तीन आठवडे राहिले असताना माझ्या लग्नाची बोलणी सुरू होती. मुलीचे वडील माझ्या मामांबरोबर गॅरेजवरच मला पाहायला आले. मी धुतलेला शर्ट घालून त्यांच्यासमोर मुद्दाम मागच्या चाकाचे नट आवळत होतो. तात्या आले, माझ्या हातातून पाना घेतला आणि एकेक नट बघू लागले. दोन नट अजून पाव फेरा फिरले. "आयटीआय," ते म्हणाले, "परमानपत्र घरी इसरला काय?" सगळे हसले. मीही हसलो. मुलीच्या वडिलांनी हळूच विचारलं, "हा तुमच्या हाताखालचा माणूस ना? मग तुमचंच काम कसं तपासतो?"

तात्या कुठल्या वस्तीतले हे कळल्यावर ते असं का समजले, हे त्यांना आणि मलाही ठाऊक होतं. हा माणूस माझा गुरू आहे, एवढंच म्हणायचं होतं मला. मी म्हणालो, "जुनी सवय आहे त्याची." 'त्यांची'सुद्धा म्हणालो नाही. तात्या चार हातांवर होते. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. ते ठिपके देत राहिले.

त्यानंतर आठेक दिवसांनी बेअरिंगला ग्रीस भरायला पुढचं डावं चाक काढलं होतं. तात्यांना सकाळपासून सतत कुणी ना कुणी बोलवत होतं. रंगवाला, जयंती मंडळाची पोरं, फोटोला चौकट करणारा सुतार. जेवायला जाताना ते सांगून गेले, "चाक चढीव. बाकीचं मी बघतो."

त्या गाडीच्या डाव्या चाकांना उलटे आटे होते. नट डावीकडे फिरवला की आवळायचा, उजवीकडे फिरवला की सुटायचा. मला हे दीड वर्ष माहीत होतं. पण त्या दुपारी माझ्या डोक्यात एकच होतं: आज ह्यानं माझं काम तपासायचं नाही. नट हातानं बसवले ते बरोबर बसवले. मग पाना लावून प्रत्येकाला शेवटचा झटका दिला तो दिवसभर नव्या गाड्यांना देतो तसा, उजवीकडे. आट्यांना तेल होतं. नट हलके गेले तर मला वाटलं तेलामुळेच. तात्यांची डबी मडगार्डवर राहिली होती. मी ती उघडली, बोटावर चुना घेतला आणि सगळ्या नटांवर ठिपके दिले. लोक 'चुना लावला' म्हणतात आणि हसतात. मला त्या शब्दांचं हसू येत नाही.

तात्या परत आले, पाना घेऊन वाकले आणि थांबले.

"ह्ये मी केलं?"

"केलं की तात्या. जेवायला जायच्या आधी."

त्यांनी ठिपक्यांकडे पाहिलं, मग आपल्या बोटाकडे. "असंल," म्हणाले, आणि पाना खाली ठेवला.

गाडीची चाचणी म्हणून त्याच दुपारी आम्ही भिगवणला निघालो. तात्यांना तिथली मासळी फार आवडायची. रस्ताभर ते खुशीत होते, मी डावीकडे, त्याच चाकाच्या बाजूला बसलेलो. बाजारपेठ आली म्हणून त्यांनी वेग कमी केला आणि गाडी एकाएकी डाव्या बाजूला बसली. आमच्या पुढं आमचंच चाक पळत होतं. रस्ता उतरून ते एका मासेवालीच्या पालात शिरलं, बसायचा पाट आणि टोपल्या चिरडून मागच्या कुंपणाला जाऊन पडलं. बाई तेवढ्यात हंड्यातलं पाणी घ्यायला उठली होती. दोन हात अंतर.

तिचा आवाज खणखणीत होता. "आरं, चाक काय मासळी घ्यायला आलंय व्हय? का वजन करून दिऊ तुमास्नी?"

तात्यांनी तिच्यापुढे हात जोडले. मग ते आल्या वाटेनं मागं चालत गेले आणि धुळीत सांडलेले नट वेचून आणले. तळहात माझ्यापुढं धरला. नटांवर चुना तसाच होता.

"सही माजी हाय," ते म्हणाले. "म्हंजी मी न आवळताच सही केली."

मी तोंड उघडलं होतं, हे मला आठवतं. पण लग्नाची तारीख ठरली होती आणि भोवती माणसं जमली होती. मी म्हणालो, "होतं तात्या कधीकधी."

त्या दिवसानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. आम्ही चाक बसवलं, गाडी पुन्हा नीट झाली. मंडळातल्या पोरांनी पाया पडून विनवलं. तात्यांचं एकच: "मागं हौद्यात बायापोरं बसनार. माज्या डोस्क्याचा भरवसा ऱ्हायला न्हाय. आयटीआय चालवंल." जयंतीला निरवांगीहून इंदापूरला ती गाडी मी चालवली. त्यांच्या माणसांनी हार माझ्या गळ्यात घातला. निघताना आणि पोचताना, जिथं जिथं मिरवणूक पायी होती तिथं तात्या हौद्यात बसले नाहीत. डाव्या बाजूनं चालत राहिले, नजर चाकावर. मी आरशात बघत होतो. त्यांच्याइतकी हळुवार ती गाडी मला कधीच चालवता आली नाही, आणि त्या दिवशी तर मुळीच नाही.

पुढं त्यांनी डबी वापरणंही सोडलं. घराला कुलूप लावून वेशीपर्यंत यायचे आणि परत जाऊन कुलूप ओढून बघायचे. मुलीला, सुजाताला, दिवसातून चारदा विचारायचे, "मी गोळी घेतली का गं?" तिनं घेतली म्हटलं तरी विश्वास बसायचा नाही. त्यांचं डोकं शेवटपर्यंत लख्ख होतं. बिघडला होता तो फक्त त्यांचा स्वतःवरचा भरवसा, आणि तो मी बिघडवला होता. ते दशक संपायच्या आत ते गेले. पुण्यानुमोदनाला मला बोलायला उभं केलं. मी त्यांच्या शिस्तीवर पाच मिनिटं बोललो. लोकांनी डोळे पुसले. मी खाली बसलो.

हे आता लिहायचं कारण सुजाता. ती इंदापुरात शिक्षिका आहे, पन्नाशीला आली. गेल्या महिन्यात एसटी स्टँडवर भेटली. बोलता बोलता म्हणाली, "भाऊ, मला हल्ली फार विसरायला होतं. परवा गॅस चालूच ठेवून शाळेत गेले. तात्यांवर गेलेय मी. त्यांचंही असंच सुरू झालं होतं ना, भिगवणला?" ती हसत होती, पण उत्तर ऐकायला थांबली होती. माझी गाडी लागली होती. मी चढलो.

तात्या काहीही विसरले नव्हते. ते नट मी फिरवले होते आणि सही मी केली होती. हे इथं लिहून ठेवल्यानं भागत नाही, एवढं मला कळतं. इंदापूरला जाऊन सुजाताच्या समोर बसून, तिच्या तोंडाकडे बघत हे सांगणं मी तात्यांना देणं लागतो, आणि अजून मी गेलेलो नाही.