विमानाने दीड तास

माझी शाळा पूर्णगडच्या अलीकडे आणि घर नागपुरात. रत्नागिरी जिल्ह्यात शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हा वाटलं होतं, दोन-तीन वर्षांत बदली होईल. आता सातवं वर्ष चालू आहे. बायकोची नोकरी तिकडे, साडेचार वर्षांची मुलगीही तिकडेच. हातखंब्याहून रस्ता थेट नागपूरला जातो खरा, पण गाड्या बदलत गेलं की चोवीस तास मोडतात. त्यामुळे घरी जाणं दिवाळीत आणि मे महिन्यात, एवढंच.

मागच्या हिवाळ्यात मुलगी व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "पप्पा, मी गॅदरिंगमध्ये मोर होणार आहे. तू येशील?"

"येतो," मी म्हणून गेलो. मग शनिवारची रजा टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढलं.

घरमालकीण काकूंनी विचारलं, "गुरुजी, इमानानं किती वेळ लागतो?"

"दीड तास."

"मग दर आयतवारी जाऊन येवा की!" त्या हसल्या. आधी मुंबई गाठायला रस्त्याने नऊ-दहा तास लागतात, हे मी त्यांना सांगत बसलो नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बस धरली. सकाळी विमानतळावर पोचलो तेव्हा पाठीचा पार भुगा झाला होता. विमानात मात्र पट्टा बांधून जरा बाहेर बघतोय तोवर उतरायची सूचना झाली. घर इतकं जवळ होतं, याचा मला आनंद व्हायच्या ऐवजी रागच आला.

गॅदरिंगला वेळेत पोचलो. मोर चुकतमाकत पण झकास नाचला. नाच संपल्यावर ती पिसारा सावरत पळत आली. मी खाली बसून हात पसरले. ती माझ्या शेजारून गेली आणि माझ्या मेहुण्याच्या कडेवर चढली. रोज शाळेतून तिला तोच घरी आणतो.

"भाऊजी, लेकरू आहे न ते," तो ओशाळून म्हणाला.

"अरे, असू दे," मी म्हणालो आणि उगाच बुटाची नाडी बांधत राहिलो.

घरीही ती आईच्या मागे लपून माझ्याकडे बघत होती. मी काही विचारलं की नुसती मान हलवायची. मग आईचा मोबाइल घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "पप्पा, फोनवर ये ना."

मी बाल्कनीत गेलो, दार लोटलं आणि कॉल लावला. पडद्यावर मला बघताच तिचं तोंड सुटलं. तिने मोराची चोच दाखवली, बक्षिसाची पेन्सिल दाखवली, कोणत्या मुलीने ढकललं तेही सांगितलं. बंद दारातूनही तिचा आवाज येत होता, फोनपेक्षा जरा आधी. अर्धा तास आम्ही बोललो. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

रविवारी दुपारी माझं परतीचं विमान होतं. सोमवारी मी वर्गात फळ्यावर तारीख लिहीत होतो.

मे महिन्यात पूर्ण सुट्टी घरी राहिलो. आठवडाभरात मुलगी माझ्या खांद्यावर बसून फिरायला लागली, जेवताना माझ्याच ताटातलं घ्यायला लागली. जूनमध्ये निघायच्या दिवशी ती झोपली होती. "उठवू का?" बायकोने विचारलं.

"नको," मी म्हणालो, आणि बॅग उचलून चपला हातात घेऊनच जिना उतरलो.