बिडाचा मॅनिफोल्ड

जुन्या जीपचा मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारा बिडाचा जाड नळा, वेल्डिंग करूनही पुन्हा तडकला, तेव्हा मी गाडी विकायच्याच विचारात होतो. सुरगाण्याच्या वाटेवर घाट लागला की धूर आत यायचा आणि बायको डोकं धरून बसायची. तिचं माहेर तिकडचं. तिची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे दर रविवारी नाशिकहून जाणं भागच होतं.

गॅरेजवाल्यानं मॅनिफोल्डच्या जागी बसणारा स्टीलच्या पाइपांचा हेडर दाखवला. "हा टाका साहेब, गाडी लय मोकळी पळंल."

"मला पळवायची नाही हो," मी म्हणालो. दर रविवारच्या या धावपळीत मला कुठंतरी नुसतं बसायचं होतं.

"आवाज किती येईल?" बायकोनं विचारलं. त्यानं शेजारची, हेडर बसवलेली जीप चालू करून दाखवली. तिनं डोळे मिटून घेतले. म्हणाली, "आमचा जुना होता तसाच शोधा."

तसा शोधण्यात बरेच दिवस गेले. तोवर आम्ही एसटीनं, कधी उभ्यानंच, जात राहिलो. शेवटी सिन्नरच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला. गंजलेला होता, पण कुठं तडा नव्हता.

तो बसवल्यावर पहिल्यांदा निघालो, तेव्हा घाटात मी बायकोशी काहीतरी बोललो, तर उत्तर आलं नाही. सीटवर मान टाकून ती गाढ झोपली होती. सासूबाईंच्या दारात पोचलो तरी तिला उठवावंसं वाटेना. इंजिन बंद केलं तर ती जागी होईल, म्हणून ते चालू ठेवून मी तसाच बसून राहिलो.