ऑगस्टात येऊ नका

पियसीली अक्काकडे उतरलेला पाहुणा भिजून परत गेला, असं आमच्या गावात कुणी म्हणून दाखवावं. लंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, समुद्राकडे तोंड केलेल्या तिच्या दोन खोल्या आहेत, त्या ती परदेशी लोकांना भाड्यानं देते. माझं कुंपण तिच्या कुंपणाला लागून, त्यामुळे तिला आलेला फोन मलाही आल्यासारखाच. सगळ्यांचा प्रश्न एकच: आम्ही कधी येऊ?

मग अक्काचा तोरा बघावा. तोडक्यामोडक्या इंग्रजीत सगळं वर्ष उलगडून दाखवायची. नाताळ होऊ द्या, मग मार्चपर्यंत केव्हाही या, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा असतो. मे लागला की इकडे फिरकू नका, समुद्र पिसाळतो. तेव्हा पूर्वेला जा, त्रिंकोमालीला, तिकडे लख्ख ऊन असतं. ऑक्टोबरात नुसत्या विजा. कुणी म्हणालं, आम्हाला सुट्टी जुलैतच मिळते, तर "मग दुसरीकडे जा" म्हणून फोन ठेवून मोकळी.

"अगं, दारात आलेल्या लक्ष्मीला कुणी असं हाकलतं का?" मी एकदा म्हटलं.

"नंगी, माझ्या घरातून कुणी तोंड पाडून गेलेलं मला खपायचं नाही," ती म्हणाली. आमच्या सिंहलीत नंगी म्हणजे धाकटी बहीण; शेजारीण असून ती मला तसंच म्हणते, आणि मोठीचा मान म्हणून मी गप्प बसते. बसायला नको होतं, पण बसते.

तिचा एकुलता एक मुलगा इंदिक इटलीत, नापोलीत असतो. तिथल्या एका खानावळीत स्वयंपाक करतो. बायकोही आमच्याकडचीच, मातरची. मुलगी सेनुरी तिकडेच जन्मली, तिकडेच शाळेत जायला लागली. अक्कानं नात पाहिली ती फोनमध्ये. इंदिकाचाही फोन यायचा आणि त्याचाही प्रश्न तोच.

"अम्मा, आम्ही कधी येऊ? खानावळ ऑगस्टात बंद असते, सेनुरीची शाळाही."

"ऑगस्टात? वेडा आहेस का? लाटा कुंपणापर्यंत येतात. पोरीला समुद्र दाखवायचा का चिखल? एप्रिलमध्ये ये, आपल्या सिंहली नव्या वर्षाला. मुहूर्तावर माझ्या हातानं तिच्या डोक्याला तेल लावीन."

"एप्रिलमध्ये सुट्टी नाही गं."

"मग पुढच्या एप्रिलला बघ."

बाहेरच्या पाहुण्यांना जे सांगायची, तेच पोटच्या पोराला. आपल्याकडे नव्या वर्षाची चूलसुद्धा घटिका बघून पेटते हे मला कबूल आहे. पण मुलानं आईकडे यायला कसला आलाय मोसम? मला असा राग यायचा! तिला मात्र सगळं कसं उत्तम हवं होतं. निळा समुद्र, कावुम-कोकिसचा तळलेला फराळ, झोपाळा, नव्या कपड्यांतली नात. कमी काही नको.

मग अक्का फोन डोळ्यांच्या फार जवळ धरायला लागली. पुढे फोन एका बाजूला नेऊन तिरकं बघायला लागली. मी तिला ओढत मातरला डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. डॉक्टर चांगला होता, खोटं बोलला नाही. गेलेली नजर परत येणार नाही म्हणाला, आणि उरलेलीही थेंबांनी किती दिवस धरून ठेवता येईल ते सांगता येत नाही म्हणाला.

परतताना बसमध्ये तिनं माझा हात धरला. "इंदिकाला सांगायचं नाही."

"का? उद्याच बोलाव त्याला! नातीचं तोंड बघायचंय ना तुला?"

"आई आंधळी होतेय म्हणून ये, असं सांगू? लेकरू तिकडे जेवायचं नाही. एप्रिल कुठं लांब आहे? तोपर्यंत टिकेल."

तो एप्रिल आला आणि गेला. इंदिकानं रजा मिळवली होती, पण ऐन वेळी सेनुरीला गोवर निघाला. पुढच्या खेपेला इंदिकाचा फोन आला तेव्हा मी सरळ तिच्या हातातून हिसकावून घेतला. "इंदिक, तुझ्या आईची नजर अधू होत चाललीय. पाऊसपाणी बघू नकोस, ये."

अक्कानं फोन परत ओढला. "हिचं काय ऐकतोस! चष्म्याचा नंबर बदललाय, एवढंच. या ऑगस्टात बिलकूल येऊ नका."

तो पोरगा आईचं ऐकणारा. त्या ऑगस्टात आला नाही. आला त्याच्या पुढच्या ऑगस्टात, न विचारता, तिकिटं काढून. तोवर अक्काला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

पण बाई मोठी हिकमती. घर तिच्या पायांना पाठ होतं. फाटकाशी गाडी थांबली तशी ती पायऱ्या न चुकता खाली उतरली, नातीचा चेहरा दोन्ही हातांत घेऊन चाचपला, कुठलीही आच्ची, म्हणजे आजी, घेते तसाच. "अगदी इंदिकावर गेलीय," म्हणाली. इंदिक हसला. मी मागे बॅगा उतरवून घेत होते.

दोन दिवस तिनं कुणाला पत्ता लागू दिला नाही. समुद्र मातकट, आभाळ गळत होतं, होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या. सेनुरी ओसरीतून कंटाळून बघत बसायची. अक्का तिची माफी मागत होती. "हा आमचा समुद्र नव्हे गं पुता, माझ्या बाळा. खरा जानेवारीत असतो." पोरीला सिंहली जेमतेम यायचं. ती मान हलवायची. मान हलवलेली आजीला कुठून दिसणार?

तिसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, "एप्रिल नाही तर नाही, दूध आजच उतू घालू या."

नव्या वर्षाला आम्ही नव्या मडक्यात दूध तापवतो आणि ते कुठल्या बाजूनं उतू जातं ते बघतो. पूर्वेला सांडलं तर घर भरतं म्हणतात. भर पावसाळ्यात, मुहूर्त ना काही, आणि तेही अक्कानं! साऱ्या जगाला मोसम शिकवणारी बाई ही. मला हसायला यायला हवं होतं.

ओसरीवर तीन विटांची चूल मांडली. लाकडं ओली, धूरच फार. नात आणि आजी मडक्याशी बसल्या. इंदिक दाराला टेकून कौतुकानं बघत होता. आधी अक्कानं सेनुरीच्या डोक्याला तेल लावलं, हळूहळू, कपाळ, भुवया, कान, सगळं बोटांनी. पोरीला गुदगुल्या झाल्या. मग दूध चढलं आणि फसफसून बाहेर आलं.

वासानं अक्काला कळलं. "आलं! कुठल्या बाजूला सांडलं, पुता? लवकर सांग."

दूध पूर्वेला सांडलं होतं. सेनुरीला दिशांचे शब्द येत नव्हते. तिनं बोट दाखवलं.

अक्का हसऱ्या तोंडानं वाट बघत राहिली. "सांग ना."

मुलीला वाटलं, आजीचं लक्ष नाही. तिनं हात लांब करून बोट आजीच्या नाकासमोर आणलं, मग पुन्हा सांडलेल्या दुधाकडे नेलं. अक्काचे डोळे जागचे हलले नाहीत. इंदिक दार सोडून पुढे आला. मला सांगता आलं असतं, पूर्वेला म्हणून. मी चुलीतली लाकडं मागे ओढली.

"लाजते वाटतं मला," अक्का म्हणाली. "इंदिक, तू तरी सांग रे. कुठं सांडलं?"

इंदिक तिच्यासमोर, अगदी हातभर अंतरावर उभा होता आणि तोंडावर हात दाबून रडत होता. ती दाराकडे बघत पुन्हा म्हणाली, "इंदिक? आहेस ना रे तिथं?"